पेपरवर १८, बॉक्सवर ५ : छोट्या बॉक्सवाल्यांनी करायचं काय?

शिरोली_बॉक्स
नमस्कार मंडळी, शिरोलीत माझं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे, फाउंड्रीवाल्यांना माल जातो आणि सीझनला गुळाचे बॉक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॉक्सवरचा जीएसटी १२ चा ५ झाला आणि बॉक्सचा कच्चा माल म्हणजे क्राफ्ट पेपर १२ वरून १८ वर गेला. आता हिशेब बघा, १०० रुपयांच्या पेपरवर १८ टॅक्स मी देतो, बॉक्स १५० ला विकला तर पार्टीकडून टॅक्स येतो साडेसात, उरलेले साडेदहा क्रेडिट लेजरमध्ये (आधी भरलेल्या टॅक्सच्या जमाखात्यात) नुसते दिसतात. आधी दोन्हीकडे १२ होतं तेव्हा १८ गोळा व्हायचे, १२ चं क्रेडिट वजा करून ६ भरायचो, विषय संपला. आता पेपरवाला रोखीत मागतो, पार्टी ९० दिवसांनी देते आणि मधलं सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज माझ्या डोक्यावर. दर कमी झाला म्हणून सगळे अभिनंदन करतायत, पण माझं भांडवलच अडकलंय. रिफंड खरंच मिळतो का? की सरळ कंपोझिशनला (उलाढालीवर ठरलेला थोडा टॅक्स भरायच्या योजनेत) जाऊ?

करसल्ला_सांगली
दादा कंपोझिशनचा विचारही करू नका. उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर १ टक्का भरून सुटाल असं वाटतं, पण मग पेपरवरचे १८ पूर्ण खर्चात जातात आणि तुमच्या पार्टीला क्रेडिट मिळत नाही, फाउंड्रीवाला दुसऱ्याच दिवशी दुसरा बॉक्सवाला शोधेल. तुमचा रस्ता रिफंडचाच, इन्व्हर्टेड ड्युटीचा (कच्च्या मालावर टॅक्स जास्त, विक्रीवर कमी), त्यासाठी आरएफडी-०१ फॉर्म भरायचा. १ ऑक्टोबर २०२५ नंतरच्या अर्जांना सिस्टिमने कमी जोखमीचं ठरवलं तर ९० टक्के रक्कम आधी तात्पुरती मंजूर करतात आणि बाकीची तपासणी नंतर. फक्त पेपरवाल्याचं बिल तुमच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदी-क्रेडिटच्या यादीत) दिसलं पाहिजे, नाहीतर तेवढी रक्कम अर्जात धरत नाहीत, म्हणून वेळेवर रिटर्न भरणाऱ्याकडूनच पेपरची रील घ्या, दोन पैसे महाग पडली तरी चालेल. आणि तिमाही रिटर्न भरत असाल तर मासिक करा, कारण तिमाहीत अर्जच तीन महिन्यांनी करता येतो, तोवर व्याज चालूच.

भोसरी_पॅकेजिंग
रिफंड मिळतो पण पूर्ण नाही हे पण सांगा ना. फॉर्म्युल्यात फक्त मालावरचं क्रेडिट धरतात, शेडचं भाडं, बाहेरचं जॉबवर्क, ट्रान्सपोर्ट यावरचा टॅक्स रिफंडला चालत नाही आणि नवीन मशीनवरचा तर अजिबात नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तेच कायम केलं. म्हणजे ज्याने लोन काढून ऑटोमॅटिक प्लांट टाकला त्याचं क्रेडिट वर्षानुवर्षं पडून राहणार, वाढायचं ठरवलं त्यालाच शिक्षा. आणि मोठ्यांचं बघा, ज्या मिलचा स्वतःचा पेपर आणि स्वतःचेच बॉक्स ती रद्दी ५ टक्क्यांनी घेते आणि बॉक्स ५ टक्क्यांनी विकते, मधला पेपरवरचा १८ त्यांना लागतच नाही. एकाच कायद्यात त्यांचे पैसे मोकळे आणि आपले अडकलेले, मग टेंडरला आपण भाव कुठून जुळवणार.

करसल्ला_सांगली
@भोसरी_पॅकेजिंग बरोबर आहे, मालावरचाच मिळतो. बॉक्ससाठीचा पेपर ५ वर आणणं हाच खरा उपाय आहे आणि तो जीएसटी कौन्सिललाच करावा लागेल, असोसिएशनने तीच मागणी लावून धरायला पाहिजे.
उधारीचं सांगायचं राहिलं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर बिलावर नंबर छापा. आयकरातल्या छोट्या उद्योगांच्या उधारीच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, त्यात पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो.

नाशिक_ट्रेडर
तो नियम मार्चमध्येच चावतो साहेब. जूनचं बिल डिसेंबरला दिलं तरी वर्ष तेच, मग घाई कशाला करतील. शिवाय आम्ही ट्रेडर, आमच्या विक्रीच्या उधारीला तर तो लागूच नाही.

शिरोली_बॉक्स
धन्यवाद सगळ्यांना, मी तिमाहीतच आहे. मासिकला जायचं तर चालू तिमाहीतच बदलता येतं का पुढच्या एप्रिलची वाट बघायची?

करसल्ला_सांगली
एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही, तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत पोर्टलवर बदलता येतं. ती तारीख गेली असेल तर पुढच्या तिमाहीसाठी आत्ताच टाकून ठेवा.