मदत हवी आहे: चौथ्या पाण्याला ऊलाँग चहा तुरट होतो

मंडळी, भाचीने चीनहून फुजियानमधल्या आन्शीचा हिरवा तिएग्वानयिन (ऊलाँग चहाचा एक प्रकार) आणलाय. १०० मिलीच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम चहा, पाणी ९५ अंश, पहिल्यांदा २० सेकंद, मग त्याच पानांवर दर खेपेला नवं पाणी ओतून १० सेकंद जास्त. पहिल्या पाण्याला पानांच्या वळलेल्या गोळ्या जेमतेम उलगडतात. दुसऱ्या-तिसऱ्याला मात्र काय सांगू! रिकाम्या पेल्यालासुद्धा ऑर्किडचा वास, लोण्यासारखा मऊपणा, गिळल्यावर घशात रेंगाळणारा गोडवा. चौथ्याला पानं वाटीभर फुगतात, चहा तुरट लागतो नि फुलांचा वास गायब. फार वाईट वाटतं. पानं कमी घेऊ, की वेळ? पाणी ९० अंशांवर आणलं तर सुगंधही जाईल का? पाकीट महिनाभर उघडं आहे, तेही फ्रीजबाहेर. त्याचा परिणाम असेल का? सहा-सात पाणी नीट काढणाऱ्यांनी कृपया सांगा.