इराण्याची पाटी उतरवली तर काय बिघडतं?

कोपऱ्यावरचं_टेबल:
काल एक पोस्ट फिरत होती: 'इराणी हॉटेलांच्या पाट्या म्हणजे कळकट पत्रे. काढा आणि एलईडी लावा, चहा तोच राहतो.' डोकं फिरलं म्हणून हा धागा.

धोबीतलावची कयानी १९०४ची, बेलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ची, पुण्याचं गुडलक १९३५चं. त्या जमान्यातल्या पाट्या म्हणजे ऑइलपेंटचा पत्रा, भट्टीत भाजलेलं इनॅमल, नाहीतर काचेवर मागून लिहिलेलं नाव. काचेच्या पाटीत सगळा क्रम उलटा असतो. अक्षरं आरशातल्यासारखी काढायची. एरवी शेवटी येणारी चमक आणि कडा आधी मारायची, मग अक्षर भरायचं, मग सावली, आणि जमिनीचा, म्हणजे अक्षरांमागच्या पार्श्वभूमीचा, रंग अगदी शेवटी. कडा चुकली आणि ती जमीन भरल्यावर दिसली, तर सगळं खरवडून पहिल्यापासून. पण रंग काचेच्या आड असल्यामुळे पाऊस आणि फडका दोन्ही त्याला लागत नाहीत. मागून ओल शिरली तरच पापुद्रे सुटतात, म्हणून पाठीवर वार्निश हवं. फ्लेक्सचं काय? उन्हाने रंग उडतो आणि रिंगांपाशी फाटतो. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेला की अर्धं नाव अंधारात.

हिशेबी:
उगाच गहिवरू नका. इराणी धंदा करायला बसला होता, कलादालन काढायला नाही. तेव्हा पेंटर स्वस्त होता म्हणून पाटी रंगवली. १९२३ साली फ्लेक्स मिळत असता तर तोच लावला असता.

इराण्याकडच्या ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे फोटो टाकता, त्यांचंही तेच. त्या घराण्याची मूळ खुर्ची म्हणजे थोनेट कंपनीची १४ नंबर, १८५९ची. सहा लाकडं, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ मावायच्या. स्वस्तात बोटीवर चढायची म्हणून जगभरच्या कॅफेत पोचली. तुमचं 'आकर्षण' म्हणजे वाचलेलं जहाजभाडं!

कोपऱ्यावरचं_टेबल:
स्वस्त होतं, मान्य. खूश? पण त्या खुर्चीची बैठक डगमगली तर स्क्रू आवळता येतो आणि वेत नव्याने विणता येतो. पत्र्यावरचा रंग उडाला तर तेवढाच भाग घासून हात मारता येतो. फ्लेक्सला ठिगळ लावून दाखवा.

पाटी_मराठीच:
वेत विणा, स्क्रू आवळा, पण या लाडक्या पाट्यांवर मराठी कुठे आहे ते सांगा. दुकाने-आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानेही दोन महिन्यांची मुदत दिली होती. आता 'वारसा' म्हणून सूट मागू नका.

बोरू:
सूट कोणी मागितली? आधी मापं बघा. दोन फूट उंच पाटी धरा. इंग्रजी कॅपिटल आठ इंच म्हणजे आठच इंच, वर-खाली काही नाही. देवनागरी आठ इंच म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत. वर मात्रा-वेलांटीला चार, खाली उकाराला तीन. झाले पंधरा. त्यात इंग्रजीचे आठ मिळवा, तेवीस. मोकळी जागा उरली एक इंच! 'कॅफे गुडलक' लिहून बघा. वर चंद्र आणि मात्रा, खाली उकार. कोंबून लिहिलं की उकार चौकटीखाली जातो आणि गुडलकचं गडलक होतं.

पाटी_मराठीच:
वा! इंग्रजीला आठ इंच जागा सापडते, मराठीची वेळ आली की भूमिती सुरू. सत्तर वर्षं याच सबबी ऐकतोय.

बोरू:
अहो, सबब नव्हे, फूटपट्टी आहे ती. भांडायचंच असेल तर शिरोरेषेशी भांडा.

उपाय सोपा आहे. जुनी पाटी हलवायची नाही, खाली छज्जाला नवा पत्रा लावायचा. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा, एक हात, तो वाळला की पांढऱ्याचे दोन, मधे पॉलिश पेपर. कागदावर पूर्ण मापात अक्षरं काढून रेघेवर टाचणीने भोकं पाडायची आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. पत्र्यावर ठिपके उमटतात, मग ब्रश. शिरोरेषा आधी ओढा, खडू लावलेलं सूत ताणून उमटवलेल्या रेघेवर. ती अर्धा इंच तिरकी गेली तर रस्त्यापलीकडून दिसते.

आणि जुन्या इनॅमलला ड्रिल लावू नका. ती पत्र्यावर ८०० अंशांच्या आसपास वितळवून बसवलेली काच आहे. भोकाची कड टवका धरते, तिथून पाणी शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो. जुनीच भोकं वापरा, स्क्रूखाली फायबरचा वॉशर घाला आणि शेवटचा पीळ देऊ नका.

हिशेबी:
म्हणजे इतक्या प्रतिसादांनंतर निकाल काय, तर नवी पाटी लावा. हेच तर ती पोस्ट म्हणत होती!

कोपऱ्यावरचं_टेबल:
ती 'काढा' म्हणत होती. मराठी वाचता येतं ना?

पाटी_मराठीच:
छज्जाची पाटी चालेल. अक्षरं मापात हवीत, आणि 'कॅफे' कशाला? 'उपाहारगृह' लिहा.

बोरू:
सहा अक्षरं, शिवाय खाली ऋकार. पत्रा दोन फूट वाढेल, पैसे कोण देणार? 'कॅफे'च राहू द्या.