फॅटी लिव्हर ग्रेड २: गूळ आणि पांढरा रस्सा चालेल का? (कोल्हापूर)

वडील, वय ५२, वजन ८४ किलो. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) ७२. शुगर नॉर्मल, दारू नाही. "तेलकट-तिखट बंद, वजन कमी करा" एवढाच सल्ला मिळालाय. साखर सोडून गुळाचा चहा चालू केलाय, दिवसाला चार कप. रविवारचं मटण सुटणं अवघड. रोजच्या ताटात नेमकं काय आणि किती बदलायचं?

जोंधळा:
आधी गूळ थांबवा. गुऱ्हाळावरचा असो की बिनरसायनाचा, गूळ म्हणजे मुख्यतः उसाची साखरच. तिच्यातलं निम्मं फ्रुक्टोज. ते बहुतेक लिव्हरमध्येच जिरतं आणि जास्त झालं की तिथंच त्याची चरबी होते. कपाला दोन चमचे धरले तरी चार कपांचे ४० ग्रॅम झाले. काकवी, उसाचा रस, मध, सगळ्यांचा हिशेब तोच. फळ चावून खायचं, रस काढून नाही.

तिखटाला मात्र उगाच बदनाम केलंय. मिरचीनं लिव्हरवर चरबी चढत नाही, कटातल्या तेलानं चढते. मिसळीतली मटकी उत्तम. तर्री, फरसाण आणि ब्रेडची स्लाइस नको.

जेवणाला दोन मध्यम भाकरी, किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात. सोबत वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, त्याहून मोठी वाटी पालेभाजी, काकडी-मुळा, ताक. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, फोडणी-चटणी-तळण सगळं धरून. चौघांचं दोन लिटर एक तारखेला वेगळ्या बरणीत काढा. वीस तारखेला बरणी रिकामी झाली तर चूक कुठं होतेय ते आपोआप कळतं.

प्रश्नकर्ता:
आणि रविवार? धारोष्ण दूध पण सोडायचं?

कट_बाजूला:
मटण माणशी १०० ते १२० ग्रॅम कच्चं, चरबी न घेता. शनिवारी रात्रीच अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता, शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं काढून टाका. मग पांढरा रस्सा, पण एकच वाटी: नारळाचं दूध, काजू, खसखस म्हणजे पातळ दिसणारं फॅटच. आपल्याकडं रस्सा वाढून घ्यायची सवय आहे, घोटाळा तिथं होतो. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट असतं, त्यामुळं दूध कट्ट्यावरचा, म्हणजे समोर म्हैस पिळून देतात तो, मोठा ग्लास रोज नको.

वजन ६ ते ८ किलो उतरवायचंय, म्हणजे ७ ते १० टक्के. आठवड्याला अर्धा किलो पुरे. उपाशी राहून झपाट्यानं उतरवलं तर पित्ताचे खडे होतात, लिव्हरची सूजही वाढू शकते. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपवास नव्हे, राव! आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच.

बिनसाखरेची काळी कॉफी दोन कप चालेल, अॅसिडिटी नसेल तर. "लिव्हर साफ करणारे" काढे नकोत. गुळवेलीनं लिव्हरलाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

जोंधळा:
एक राहिलं. एसजीपीटी नॉर्मलला आलं म्हणजे चरबी गेली असं नाही. लिव्हर कडक झालंय का, हे फायब्रोस्कॅनमध्ये कळतं. गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा. करायचा ठरला तर आधी किमान तीन तास काही खाऊ नका, भरल्या पोटी आकडा फुगून येतो.