जुन्या डिझेल एसयूव्हीचे ब्रेक पेडल अचानक घट्ट होते आणि तीन दिवे एकदम लागतात : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०११ सालची, सात आसनांची, डिझेल इंजिनाची एसयूव्ही आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, गिअर हाताने टाकावे लागतात, आणि गाडी आजवर १ लाख ८६ हजार किलोमीटर चालली आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ते लिहिले की चर्चा बिघाड सोडून ती गाडी चांगली की वाईट याकडे वळते, असा अनुभव आहे. मी कराडला राहतो आणि आईवडील चिपळूणजवळ असतात, त्यामुळे महिन्यातून किमान दोनदा पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरावा लागतो. हे आधीच सांगतो, कारण ज्याला हा घाट उतरायचा असतो त्याला "ब्रेक बहुधा ठीक आहेत" हे उत्तर पुरत नाही.

पहिला प्रसंग गेल्या वर्षीच्या जुलैतला आहे. पाऊस आणि धुके असल्यामुळे वेग जेमतेम तीसचा होता. एका वळणाआधी क्लच दाबून ब्रेक लावला, तर पेडल खाली जाईचना. ब्रेक गेला असे आपण म्हणतो तेव्हा पेडल तळाला टेकते. येथे नेमके उलटे झाले. विटेवर पाय ठेवावा तसे पेडल घट्ट होते, आणि सगळा जोर लावून वर हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे गाडी थांबली. डॅशबोर्डकडे पाहण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, पण शेजारी बसलेल्या पत्नीने तीन दिवे पाहिले होते : बॅटरीचा, एबीएसचा आणि ब्रेकचा लाल. दहा मिनिटे बाजूला थांबलो, गाडी पुन्हा सुरू केली, तर सारे काही पूर्ववत. मेस्त्रींनी "घाटात ब्रेक तापले" असे निदान करून पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदलले.

मीही ते मान्य केले असते, पण ऑक्टोबरमध्ये हाच प्रकार कराडच्या बाजारपेठेत, सकाळी, गाडी घरातून काढून पाच मिनिटेही झाली नसताना घडला. पुढच्या रिक्षेमुळे लागोपाठ तीन वेळा ब्रेक दाबावा लागला आणि चौथ्या वेळी पेडल घट्ट झाले. ब्रेक तापण्याचा प्रश्नच नव्हता. या वेळी दुसऱ्या गॅरेजने बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) गेल्याचे सांगितले, आणि बूस्टरबरोबर मास्टर सिलिंडरही (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा भाग) नवा बसवला. साडेचौदा हजार रुपये झाले.

जानेवारीत रात्री परतताना एबीएसचा आणि ब्रेकचा दिवा पुन्हा लागला आणि पेडल थोडे जड वाटले. या वेळी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेली. स्कॅनरवर दोन कोड निघाले : एक मागच्या डाव्या चाकाच्या वेगसेन्सरचा आणि दुसरा कमी व्होल्टेजचा. त्यांनी सेन्सर बदलला, बॅटरी चार वर्षांची असल्यामुळे तीही बदलायला लावली, कोड पुसले आणि गाडी चकचकीत धुऊन परत दिली.

गेल्या शुक्रवारी पोफळीच्या अलीकडे, रात्री, पावसात, तेच तीन दिवे आणि तेच घट्ट पेडल. म्हणजे पॅड नवे, ऑइल नवे, बूस्टर नवा, मास्टर सिलिंडर नवा, सेन्सर नवा, बॅटरी नवी, आणि दोष मात्र जुनाच.

माझी अडचण अशी की प्रत्येक ठिकाणी एकेक भाग बदलला जातो, पण बॅटरीचा दिवा आणि ब्रेकचे पेडल यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला कोणी सांगितलेले नाही. "जुनी गाडी, वायरिंगचा घोळ" एवढ्यावर विषय संपतो. आणखी एखादा भाग विकत घेण्याआधी घरच्या घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये करता येईल अशी एखादी तपासणी आहे काय, जिच्यामुळे दोष किमान कोणत्या बाजूला आहे ते कळेल? पुढच्या वर्षी नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होत आहेत आणि फिटनेस करून ती आणखी पाच वर्षे वाढवावी की नाही, हेही या उत्तरावरच ठरणार आहे.

विचारण्यापूर्वीच सांगतो : ब्रेक ऑइलची पातळी चारही वेळा बरोबर होती आणि गळती कोठेही नाही. संबंध असेल असे वाटत नाही, तरीही लिहून ठेवतो, की पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना काही क्षण बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे इंजिन ऑइल अर्धा लिटरभर कमी भरते. त्यावर "इंजिनाचे वय झाले" असे उत्तर मिळाले आहे.

प्रतिसाद : घाटवाट

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या गाडीने चार वेळा दगा दिला ती घेऊन कुटुंबासह कुंभार्ली उतरणे शहाणपणाचे नाही. दोष सापडेपर्यंत चिपळूणला एसटीने जावे, आणि सापडला नाही तर गाडी काढून टाकावी.

प्रतिसाद : जुना फिटर

मी तीस वर्षे एसटीच्या आगारात फिटर होतो. आमच्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तुमच्या गाडीचे त्याच्या उलट, निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर. पण निवृत्तीनंतर जीप आणि एसयूव्ही बऱ्याच हाताळल्या आहेत. तुम्ही ज्या दोन गोष्टी शेवटी "संबंध नसावा" म्हणून लिहिल्या आहेत, त्याच मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या नळीत, आपोआप निर्वात तयार होतो आणि बूस्टर तोच वापरतो. डिझेल इंजिनात तसा भरवशाचा निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. आपल्याकडच्या त्या काळातल्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये हा पंप बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला डायनमो म्हणतो त्याच्याच, पाठीवर बसवलेला असतो आणि त्याच्याच दांड्यावर फिरतो. त्याला वंगणासाठी इंजिनातून एका नळीने ऑइल येते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. आता तुमचे तीन दिवे पुन्हा पाहा. इंजिनावरून अल्टरनेटर फिरवणारा पट्टा घसरू लागला की अल्टरनेटर मंदावतो, म्हणून बॅटरीचा दिवा लागतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की एबीएसचे युनिट स्वतःला बंद करून घेते, म्हणून एबीएसचा दिवा. त्याच्याबरोबर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद होते, म्हणून ब्रेकचा लाल दिवा, मग ऑइलची पातळी पूर्ण का असेना. आणि त्याच दांड्यावरचा पंप मंदावल्यामुळे बूस्टरमधला निर्वात दोन-तीन ब्रेकमध्येच संपतो, म्हणून घट्ट पेडल. चारही लक्षणे एकाच पट्ट्यावर लोंबकळत आहेत.

तुमचे प्रसंग रात्री आणि पावसातच जास्त का घडतात, याचेही उत्तर यातच आहे. हेडलाइट, वायपर, काचेवरचे धुके घालवायला लावलेला एसी, हे सारे एकदम चालू असते तेव्हा अल्टरनेटर ओढायला सर्वांत जड असतो. त्यात पट्ट्यावर पाणी उडते, आणि क्लच दाबल्यामुळे इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद गतीवर, आलेले असते. सकाळचा तो किंचाळण्याचा आवाज घसरणाऱ्या पट्ट्याचा. इंजिन ऑइल कमी होण्याचे कारण इंजिनाचे वय असेलही, पण आधी अल्टरनेटरच्या पाठीमागे हात फिरवून पाहा. पंपाचे सील किंवा नळी गळत असेल, तर तेच ऑइल पट्ट्यावर आणि अल्टरनेटरच्या कार्बन ब्रशवर जाते.

घरी करण्याची तपासणी अशी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे ते घट्ट होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे आपोआप खाली गेले पाहिजे; गेले नाही किंवा फार उशिरा गेले, तर निर्वात पुरेसा नाही. त्यानंतर इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले, तर बूस्टर आणि त्याच्या नळीवरचा एकेरी व्हॉल्व्ह निर्वात धरून ठेवतात असे समजा. या दोन्ही तपासण्या गाडी सपाट जागी, चाकाला दगड लावून करा.

तरीही खरा निकाल गेजच देईल. बूस्टरच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून व्हॅक्यूम गेज लावायला सांगा आणि बॅटरीवर मल्टिमीटर ठेवा. आयडलला गेज ६०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर स्थिर हवा आणि मीटर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळे लावून दोन्ही आकडे पुन्हा वाचा. दोन्ही एकदम खाली आले, तर पट्टा. व्होल्ट ठीक राहून फक्त निर्वात पडला, तर पंप, त्याची नळी किंवा व्हॉल्व्ह. निर्वात ठीक राहून फक्त व्होल्ट पडले, तर अल्टरनेटरचे ब्रश किंवा रेग्युलेटर. नवा भाग या आकड्यांनंतरच घ्यायचा.

प्रतिसाद : दुचाकी ते चारचाकी

जुन्या फिटरकाकांच्या उत्तरानंतर ब्रेकबद्दल बोलण्यासारखे फारसे उरत नाही. एवढेच सुचवतो की घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय असेल तर ती सोडावी. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर येते, म्हणजे पंप सर्वांत मंद असतो आणि ब्रेकवर भार सर्वांत जास्त. आणि ब्रेक ऑइल कोणते भरले ते एकदा विचारा. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघड्या पडलेल्या अर्धवट डब्यातले भरू देऊ नये. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात तापून ऑइल उकळले, तर मात्र पेडल घट्ट होत नाही, स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. तुमचा तो प्रकार नाही, पण कुंभार्लीसाठी तोही माहीत असावा.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. घाटवाट यांचा सल्ला मानला. मधल्या काळात दोनदा एसटीनेच गेलो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे घरची तपासणी केली. इंजिन सुरू केल्यावर पेडल खाली गेले, पण बरेच सावकाश. बूस्टरने निर्वात व्यवस्थित धरून ठेवला, म्हणजे साडेचौदा हजारांचा नवा बूस्टर चांगला आहे, आणि बहुधा जुनाही चांगलाच होता. त्यानंतर कराडमध्येच एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेज लावून घेतले. काहीही न लावता आयडलला ६४० आणि १३.८ व्होल्ट. सगळे दिवे, ब्लोअर आणि एसी लावल्यावर दोन-तीन मिनिटांत गेज ३८० वर आले, मीटर १२.१ वर, आणि डॅशबोर्डवर तेच ओळखीचे तीन दिवे एकामागून एक उजळले. वर्षभर मी ज्याच्या मागे होतो ते उभ्या गाडीत, चहाच्या टपरीसमोर घडताना पाहिले.

अल्टरनेटर उतरवल्यावर त्याच्या मागची बाजू ऑइलने काळी पडली होती. पंपाचे सील गेले होते, पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि ताण देणारी पुली हाताने फिरवली तर घरघरत होती. सील आणि ब्रश बदलले, ऑइलच्या दोन्ही नळ्या, पट्टा आणि पुली नवी घातली. मजुरीसह सहा हजार दोनशे रुपये झाले. आता सर्व भार लावून गेज ६३० च्या खाली येत नाही आणि मीटर १४ च्या आसपास राहतो. त्यानंतर घाट तीनदा उतरलो, त्यातला एकदा भर पावसात रात्री, आणि पेडल एकदाही घट्ट झाले नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक आहे. परवा पाटणच्या अलीकडे एबीएसचा दिवा एकटाच लागला. बॅटरीचा नाही, लाल नाही, आणि पेडल अगदी नेहमीसारखे. स्कॅनरवर पुन्हा मागच्या डाव्या चाकाचाच कोड आहे, सेन्सर जानेवारीत बदललेला असूनही. म्हणजे हा दोष पट्ट्यापेक्षा वेगळा दिसतो. काका, सेन्सरसमोरच्या दातेरी रिंगेवर गंज चढला तर असे होते काय? तसे असल्यास रिंग तारेच्या ब्रशने साफ करून भागते, की ड्रम आणि हब काढून ती बदलावीच लागते?

प्रतिसाद : जुना फिटर

आधी सेन्सरची वायर पाहा. नवा सेन्सर बसवताना वायर क्लिपमध्ये नीट अडकवली नसेल, तर ती सस्पेन्शनबरोबर हलून घासते आणि आतून तुटते. वायर शाबूत असेल तर रिंग. दातांमध्ये फक्त गंज आणि चिखल असेल तर ब्रशने भागते. एखादा दात तुटला असेल किंवा रिंग तडकली असेल, तर बदलावी लागते. तोपर्यंत साधे ब्रेक चालतील, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाके लॉक होऊ शकतात, तेवढे अंतर पुढच्या गाडीपासून जास्त ठेवा.