तडजोडीचा आकडा ग्रुपवर का नाही?

बी-४०२: गळतीच्या वादावर कालच्या बैठकीत बिल्डर कितीवर आला? कमिटी गप्प का? पैसे आमचे आहेत.

सेक्रेटरी: बोलणी चालू आहेत. आकडा इथे टाकणार नाही.

सी-१०१: लपवण्यासारखं काय आहे त्यात 🤔

ए-२०४: वकील म्हणून सांगतो, सेक्रेटरींचं बरोबर आहे. बोलण्यांत बिल्डर म्हणाला, "गळतीचं काम करून देतो", तर उद्या कोर्टात "बघा, चूक कबूल केली" म्हणता येऊ नये, अशी सोय कायद्यात आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २१ (१८७२च्या कायद्यातलं २३). पुरावा म्हणून वापरायचं नाही या अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात चालत नाही. अट बोलून दाखवली नसली तरी परिस्थितीवरून कोर्ट ती ओळखू शकतं. हे नसतं तर कुणी तोंडच उघडलं नसतं.

बी-४०२: मग काका, इथे टाकलं तरी कोर्टात चालणार नाहीच ना? भीती कसली?

ए-२०४: कोर्टाची नाही, बिल्डरची. न विकलेल्या फ्लॅटांमुळे त्याचा माणूस याच ग्रुपवर आहे. आपण कुठपर्यंत खाली येऊ हे त्याला कळलं, की त्यापुढे तो एक रुपया सरकणार नाही.

सी-१०१: आणि त्याने दाखवलेला वॉटरप्रूफिंगचा रिपोर्ट? तोही गुपित?

ए-२०४: नाही. तो आधीपासूनचा कागद आहे, बैठकीत टेबलावर ठेवला म्हणून झाकला जात नाही. आणि पत्रावर नुसतं 'विदाऊट प्रेज्युडिस' (म्हणजे आमच्या हक्कांना बाधा न येता) छापूनही भागत नाही. वर शिक्का, आत निव्वळ धमक्या, अशी पत्रं ढिगाने पाहिलीत. आत तडजोडीचा प्रयत्न दिसायला हवा.

डी-३०३: कोर्टाने मीडिएशनला पाठवलं तर कोण अडून बसलं हे जजना कळतं का?

ए-२०४: नाही ताई. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार, सुप्रीम कोर्ट, २०१०. जमलं तर सह्यांचा करार पाठवायचा, फिसकटलं तर मध्यस्थी अयशस्वी एवढंच कळवायचं. कोण काय म्हणालं ते नाही.

बी-४०२: आणि कमिटीने परस्पर सही ठोकली तर?

ए-२०४: हे मात्र रास्त विचारलंत. मसुदा सर्वसाधारण सभेपुढे यायलाच हवा, आकड्यांसकट. बिल्डरने शब्द फिरवला तर तोच सह्यांचा करार कोर्टात दाखवायचाय.

सेक्रेटरी: मसुदा हातात आला की विशेष सभेची नोटीस लावतो.

सी-१०१: तोवर बिल्डरच्या माणसाला ग्रुपमधून काढा.

सेक्रेटरी: सभासद आहेत ते. मेंटेनन्स वेळेवर भरतात, तुमच्यासारखं नाही 😄