बोर्डाखाली कॅमेरा लावून डबल दिसत नाही

लाइनपाशी (ठाणे)
काल इथे एकाने ठासून लिहिलं, की घरून डार्ट्स दाखवायला एकच फोरके वेबकॅम पुरे, तो बोर्डाखाली फूटभरावर लावा, बाकी सगळी उधळपट्टी. ते वाचून कुणी खरंच खरेदीला निघेल म्हणून सविस्तर लिहितोय.

फूटभरावरून अख्खा बोर्ड मावायचा तर वाइड लेन्स लागते. डबल म्हणजे बोर्डाच्या कडेची, दुप्पट गुणांची अरुंद पट्टी; तिच्यात खालचा डबल तीन भाकरीएवढा फुगतो आणि वरचा डबल वीस सुतासारखा उरतो. पहिला बाण ट्रिपल वीसमध्ये, म्हणजे आतल्या तिप्पट गुणांच्या पट्टीत बसला की खालून पाहताना त्याचं बॅरल, म्हणजे धरायचा जाड भाग, बरोबर वरच्या भागावर आडवं येतं. दुसरा बाण पट्टीच्या कडेच्या तारेच्या आत की बाहेर, हे फेकणारा सांगेल तेच खरं मानायचं.

फोरकेचंही ऐका. बोर्ड ४५१ मिलिमीटरचा, डबलची पट्टी ८ मिलिमीटर. साध्या १०८०च्या चित्रात बोर्डाने हजार पिक्सेल उंची भरली तर त्या पट्टीला सतरा-अठरा पिक्सेल मिळतात, आणि तेवढे भरपूर झाले. तोच बोर्ड फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शात ठेवलात तर सहाच. आधी फ्रेम भरा, मग रिझोल्यूशन बघा.

माझ्याकडे जुना फोन आहे, दुप्पट झूमची खरी लेन्स असलेला. जिथून बाण फेकतात त्या लाइनच्या जरा पुढे, डाव्या हाताला, बुलच्या (बोर्डाच्या मध्याच्या) उंचीला म्हणजे १.७३ मीटरवर ट्रायपॉडवर लावलाय. बरोबर समोरून लावला तर फ्लाइट, म्हणजे बाणाचं मागचं पीस, टोकावर येतं, म्हणून थोडा तिरका. फोकस आणि एक्स्पोजर लॉक, नाहीतर हात फ्रेममधून गेला की चित्र चाचपडत बसतं. लॅपटॉपला वायरने जोडा, वायफायवर आवाज आणि चित्र मागेपुढे होतं.

सिंगल_वीस (कोल्हापूर)
ते लिहिणारा मीच. माझी खोली दहा बाय नऊ आहे. २.३७ मीटर लाइनला गेले की माझ्या पाठीमागे सव्वादोन फूट उरतात. तुमचा ट्रायपॉड कुठे उभा करू, कॉटवर? दोनदा उभा केला, दोनदा धाकट्याने पाडला. भिंतीवरचा कॅमेरा कुणाच्या पायात येत नाही. प्रशस्त खोलीत राहून सल्ले देणं सोपं आहे.

लाइनपाशी (ठाणे)
खोली माझीही दहा फुटीच आहे. आणि भिंतीवरचा कॅमेरा प्रत्येक बाणाला हादरतो, ते का नाही लिहिलंत?

लेस्टरकर
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. बोर्ड दिसला म्हणजे झालं का? मागच्या हिवाळ्यात ऑनलाइन लीगच्या सामन्यात समोरचा माणूस निदान अर्धा फूट पुढे सरकून फेकत होता, बाण पडल्याच्या आवाजावरून मला कळत होतं. सिद्ध काय करणार? त्याच्याकडे एकच कॅमेरा. मी हरलो, आणि तो सामना अजून विसरलेलो नाही. खेळणाऱ्यावर दुसरा कॅमेरा सक्तीचा हवा, डोक्यापासून पायापर्यंत. एप्रिल २०२० मध्ये पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेची, घरून खेळायची होम टूर सुरू झाली तेव्हा खेळाडू आणि बोर्ड दोन्ही शेजारी शेजारी दिसायचे. मोठ्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

डबल_सोळा (पुणे)
पायापर्यंत कशाला, पायच दाखवा ना. मी वर्षभर पूर्ण कॅमेरा ठेवला होता. कमेंटमध्ये स्कोअरबद्दल कोण बोलत होतं? माझा टी-शर्ट, माझी कंबर, मागून पाणी घेऊन गेलेल्या सासूबाई. त्या दिवशी १२१ चा चेकआउट मारला, म्हणजे उरलेले १२१ गुण तीन बाणांत संपवले, आयुष्यातला पहिला, आणि खाली एकाही माणसाने त्याबद्दल लिहिलं नव्हतं. आता दुसरा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, लाइनच्या अगदी बाजूला. लाइन आणि बूट, बस. नियमाला पाय हवेत. वाकून फेकायला मनाई नाही, मग माझं धड दाखवायची सक्ती कशासाठी?

लेस्टरकर
कमेंट बंद करा की. चार टवाळखोरांसाठी सगळ्यांचा नियम सैल करायचा? पाय तुमचे की दुसऱ्या कुणाचे, हे मला कसं कळणार?

डबल_सोळा (पुणे)
माझ्या बुटात दुसरं कुणी उभं राहून फेकेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? सामना सुरू व्हायच्या आधी मी तोंड दाखवते, बोलते, मग कॅमेरा खाली करते. कमेंट बंद केल्या होत्या. मग लोक थेट मेसेज करू लागले. तुमचा एक सामना गेला, त्याचं दुःख मला समजतं. पण माझ्या घराची खोली दोन तास अनोळखी माणसांसमोर उघडी असते.

सिंगल_वीस (कोल्हापूर)
ताईंचं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडेही त्याच खोलीत आई झोपलेली असते. लीग चालवणारे विचार न करता सक्ती करतात.

लेस्टरकर
आवाज चढवला ते चुकलं. पण अर्धा फूट म्हणजे अर्धा फूट, त्यावर मी ठाम आहे. सुरुवातीला चेहरा आणि मग पाय, एवढं असेल तर हरकत घेणार नाही. आवडलेलं नाही, पण हरकत नाही.

लाइनपाशी (ठाणे)
दुसरा कॅमेरा घ्यायच्या आधी अपलोड मोजा, माझ्या एका १०८०च्या स्ट्रीमलाच पाच-सहा एमबीपीएस लागतात. होम टूरच्या सुरुवातीला दोनदा जगज्जेता झालेला गॅरी अँडरसनसुद्धा घरच्या वायफायमुळे बाहेर राहिला होता.

सिंगल_वीस, तुमच्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये फ्लिकर ६० हर्ट्झवर असणार. आपली वीज ५० ची, ते बदला आणि शटर शंभरांश सेकंदावर ठेवा. आणि ट्रायपॉड नकोच, दाराच्या चौकटीला क्लॅम्प लावून बघा.

सिंगल_वीस (कोल्हापूर)
पट्टे गेले. क्लॅम्पसुद्धा लावला, भावाचा झूमवाला फोन मागून. डबल वीसची तार पहिल्यांदा नीट दिसली, हे कबूल करतो. पण भावाला फोन रात्री नऊला परत लागतो, तोवरचे सामने चौकटीवरून आणि नंतरचे खालच्या कॅमेऱ्यावरूनच. तो काढणार नाही.