पाचवी ते आठवी : अभ्यासाची सवय कशी लागली? तुमचे अनुभव लिहा

माझी मुलगी सहावीत आहे. जुलैतल्या घटक चाचणीच्या आदल्या रात्री म्हणाली, "भूगोल चार वेळा वाचला." मी पुस्तक मिटून विचारलं, अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं यांत फरक काय? तिला एक वाक्य सांगता येईना. "आई, मी खरंच वाचलंय गं," म्हणत रडायला लागली. ती खोटं बोलत नव्हती. चार वेळा वाचून धडा डोळ्यांच्या ओळखीचा झाला होता आणि ओळखीचा झाला म्हणजे आला, असं तिला वाटत होतं.

चौथीपर्यंत शेजारी बसून मीच अभ्यास घ्यायचे. पाचवी-सहावीत विषयागणिक शिक्षक बदलतात, वह्या वाढतात आणि आपणही "आता मोठी झालीस, तुझं तू कर" म्हणून बाजूला होतो. पण तुझं तू म्हणजे नेमकं कसं, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. त्या रात्री मला याची फार टोचणी लागली.

आम्ही एक साधी पाटी आणली. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते पांढऱ्या खडूने लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल खडूने भरायचं. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा पाटीवर. वहीऐवजी पाटी अशासाठी की चुकलेलं पुसता येतं, कुणाला दिसत नाही. पहिले तीन आठवडे पाटी लालच असायची आणि ती चिडायची. दिवाळीच्या सुमारास एकदा न सांगता स्वतःच पाटी घेऊन बसली. गणिताला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, तिथे आम्ही अजून चाचपडतोय.

तुम्ही काय केलंत? मार्क लिहू नका. काय केलं, किती दिवस टिकलं, कुठे फसलं, तेवढं लिहा.

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, बीड जिल्हा

ताई, तुमची पाटी म्हणजे आठवून काढण्याचा सराव. मी तो वर्गात करून घेतो. 2023-24 ला बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली आणि त्यांत धड्यानंतर कोरी पानं होती. सुरुवातीला मुलं त्यावर फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायची. मग मी तास संपायच्या सात मिनिटं आधी पुस्तकाचा धड्याचा भाग झाकायला लावला. आज काय कळलं त्याच्या तीन ओळी आणि काय कळलं नाही त्याचा एक प्रश्न, एवढंच लिहायचं. प्रश्न आलाच पाहिजे, हा नियम. "सगळं कळलं" असं लिहिलेलं मी स्वीकारत नाही. पुढे ती पानं पुस्तकातून गेली, तेव्हा पाठकोऱ्या कागदांच्या वह्या मुलांनीच दाभणाने शिवल्या.

दर सोमवारी पहिली दहा मिनिटं मागच्या सोमवारच्या प्रश्नांना. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सर्वांत भराभर गळतं. म्हणून परीक्षेआधी एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास पंधरवड्यात विखरून दिले तर जास्त टिकतं. बी.एड.ला हे मीही पाठ केलं होतं. वर्गात आणायला बारा वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. ती शिवलेली वही त्यांच्याबरोबर जाते. एक मुलगा फडावरून परतला तेव्हा वहीत सत्तावीस प्रश्न होते. एकही धड्यातला नव्हता, सगळे फडावर पाहिलेल्या गोष्टींचे. उसाला गाठी का असतात, हा त्यातला पहिला.

सातवीतल्या मुलाचे वडील, सांगली जिल्हा

आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. ते ऐकून आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी ठरवलं, आपणही करू. भोंगा नाही, देवळातली आरती झाली की सुरू.

पहिल्या आठवड्यात कळलं की टीव्ही बंद झाला म्हणजे अभ्यास सुरू झाला असं नाही. पोरगं पुस्तक उघडून दीड तास नुसतं बसायचं. मग आम्ही सुरुवातीला एका चिठ्ठीवर "आज काय संपवणार" ते लिहायला सांगितलं. "गणित" असं लिहायचं नाही, "सरावसंचातली पाच उदाहरणं" असं लिहायचं. संपलं की उठायचं, भले पन्नास मिनिटांत संपो. हा बदल सगळ्यांत मोठा.

दुसरं म्हणजे मोठ्यांनीही बसायचं. मी दूध संस्थेचे हिशेब घेऊन बसतो, माझे वडील पोथी घेऊन. गणपतीत दहा दिवस मोडलं, पुन्हा सुरू करायला महिना गेला. आता आठापैकी पाच घरं टिकून आहेत.

सहावीतल्या मुलाची आई, न्यू जर्सी

इकडे सहावीला मिडल स्कूल सुरू होतं आणि मूल दर तासाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या शिक्षकांकडे जातं. ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलाला चार गृहपाठांना शून्य होतं. चारही त्याने केलेले होते! दप्तराच्या तळाशी चुरगळून पडले होते. मी त्याला आळशी म्हणाले होते, ते शब्द मला परत घ्यावे लागले. त्याची अडचण अभ्यासाची नव्हतीच, वस्तू आणि तारखा सांभाळण्याची होती.

आता एकच फोल्डर. डाव्या खिशात घरी आणायचे कागद, उजव्या खिशात शाळेत द्यायचे. रविवारी रात्री पंधरा मिनिटं दप्तर रिकामं करायचं आणि आठवड्याच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने लिहायच्या. मी नाही, त्याने. शाळेच्या पोर्टलवर मी रोज त्याचे गुण बघत असे, ते आठवड्यातून एकदावर आणलं, कारण माझ्या रोजच्या विचारण्यामुळे लक्षात ठेवण्याचं काम माझंच होऊन बसलं होतं.

आठवी शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलीचे बाबा, डोंबिवली

आम्ही नोव्हेंबरपासून सराव प्रश्नपत्रिकांचा मारा केला. 90 मिनिटांत 75 प्रश्न, रोज एक पेपर. दीड महिना गुण जागचे हलले नाहीत. लेक वैतागली, मी ओरडलो, घरात बोलणं बंद होण्याची वेळ आली.

मग नवीन पेपर थांबवून जुन्या पेपरांतल्या चुका एका वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलं: येत नव्हतं, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. एका पेपरातल्या एकवीस चुकांपैकी अकरा शेवटच्या प्रकारच्या निघाल्या. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय निवडायचे होते, तिथे ती एकच रंगवून पुढे जात होती. ज्याचा ती रोज तीन तास सराव करत होती, त्याची तिला गरज नव्हती. प्रश्नातल्या "नाही", "दोन", "सर्वांत लहान" अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावली. ती नववीतही तशीच मारते.

सातवीतल्या मुलाची आई, मुंबई

वेगळं सांगते, कृपया वाचा. आम्ही वेळापत्रक, क्लास, बक्षीस, ओरडा, सगळं केलं. क्लासमधल्या बाईंनी "मनच नाही याचं" म्हटलं आणि मी ते मानलं. तोंडी सगळं सांगणारा मुलगा लिहिताना जोडाक्षरं गाळायचा, ओळी चुकायचा. शेवटी एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून सार्वजनिक रुग्णालयात चाचणी केली. अध्ययन अक्षमता निघाली. मुंबईत सायन, नायर या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते आणि प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. मेहनत करूनही लिहिणं-वाचणंच अडत असेल तर आधी हे तपासा. माझी दोन वर्षं गेली. त्याचीही गेली, आणि ती जास्त मोलाची होती.

धागा सुरू करणारी

ताई, मनापासून आभार. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

सातवीतल्या मुलीची आई, पुणे

मी चार घरी स्वयंपाकाची कामं करते. शिक्षण पाचवीपर्यंत. बोलून टाईप करते आहे, चुकलं तर समजून घ्या. मला मुलीचा अभ्यास घेता येत नाही याचं फार वाटायचं. मग मी तिला म्हटलं, मला येत नाही ना, तर तू मला शिकव. रात्री मी भाजी निवडते, ती शिकवते. बरोबर की चूक मला कळत नाही, पण ती कुठे अडखळते ते कळतं. तिथे मी "का गं?" विचारते.

ऋतूंचा धडा होता. ती म्हणाली, सूर्य जवळ आला की उन्हाळा. मी विचारलं, मग तुझ्या पुस्तकात लिहिलंय ना की आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या खालच्या देशांत थंडी असते? त्यांना तोच सूर्य जवळ नाही का? ती गप्प झाली. पुस्तक चाळलं, म्हणाली, उद्या बाईंना विचारते.

दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढते तोवर लिंबात काडी खुपसून उभी. "आई, पृथ्वी तिरकी आहे, साडेतेवीस अंश. आणि सूर्याच्या सगळ्यांत जवळ ती जानेवारीत असते, आपल्याकडे थंडी असते ना, तेव्हा!" बल्बभोवती तिरकं लिंबू फिरवत तिने मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मला कळलं.